तो कागद पाऊसच काढील

वेलिकाला दिवसातून दोनदाच पाणी मिळायचं. सकाळी अर्धा पेला, संध्याकाळी अर्धा. जास्त प्यायली की तिला उचलून संडासात न्यावं लागतं, आणि प्लामेनची कंबर दुखते. "मी काय हमाल आहे तुझा?" असं म्हणून तो नळाखाली पेला धरायचा आणि तिच्यासमोर उभा राहून स्वतः घटाघटा प्यायचा.

प्लामेन तिचा सख्खा धाकटा भाऊ. आई गेली आणि दहाव्या दिवशी बायकोशी भांडून तो इथे राहायला आला, तो इथलाच झाला. पहिल्या महिन्यात त्याने वेलिकाची चाकाची खुर्ची तळघरात टाकली, दारापाशी अडचण होते म्हणून. मग तिचा फोन गेला. मग दाराला बाहेरून कुलूप लागायला लागलं. हात तो क्वचित उचलायचा, आणि उचलला तर कपड्यांखाली झाकलं जाईल अशा जागी.

वेलिका सेहेचाळीस वर्षांची. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नसत, जीभ जेमतेम ऐकायची. एक वाक्य पुरं करायला इतका वेळ लागे की समोरचा माणूस मध्येच घड्याळ बघे. डोकं मात्र लख्ख. शाळेने घेतलं नाही तेव्हा आईने स्वयंपाकघरात पिठावर बोटाने अक्षरं काढून तिला शिकवलं, आणि पुढे वाचनालयातली अर्धी कपाटं तिने बिछान्यात पडूनच संपवली होती.

वसंतात नगरपालिकेची एक बाई चौकशीला आली होती. "काही त्रास आहे का हिला?" तिने विचारलं. प्लामेनला विचारलं. वेलिकाने तोंड उघडलं, "म... ला..." एवढं बाहेर आलं, पुढचा शब्द वाटेत होता. बाई गोड हसली, वेलिकाच्या गालाला हात लावून म्हणाली, "दमलीय बिचारी," आणि फाइल मिटून गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तोंड दाबायचीही गरज नव्हती. थांबायला कुणाला वेळ नव्हता, तेवढं पुरत होतं.

वेळ होता तो फक्त बिल्यानाला. बिल्याना आठ महिन्यांची. तिची आई रालित्सा नगरपालिकेकडून रोज दोन तास यायची, वेलिकाला अंघोळ घालायची, भरवायची, आणि मुलीला ठेवायला कुणी नाही म्हणून झोळीत बांधून बरोबर आणायची. वेलिका बोलायला लागली की ती पोर डोळे मोठे करून तिच्या ओठांकडे बघत राही, शब्द पुरा होईपर्यंत, आणि झाला की खुदकन हसे. रालित्साने कुलपाबद्दल, पाण्याबद्दल ऑफिसातल्या वरच्या बाईंना दोनदा सांगून पाहिलं होतं. "घरच्या भानगडीत पडू नकोस," असं उत्तर मिळालं. "तुझ्या जागेवर यायला रांग लागलीय."

सप्टेंबरात आईचं, म्हणजे वेस्काचं, वर्ष आलं. त्या आठवड्यात प्लामेन भलताच खुशीत होता.

"शनिवारी वर्ष उरकलं की सोमवारी गाडी येईल," तो रालित्साला म्हणाला, वेलिका जणू भिंतीवरचं कॅलेंडर. "डोंगराकडच्या संस्थेत जागा मिळालीय हिला. तिथे शंभर जणी आहेत असल्या. आणि हे बघ, पत्रकं छापून घे, चांगली वीस. फोटो कुठला ते हिला विचार. मजकूर नेहमीचाच, तुझ्या आठवणी वगैरे. पोराने आईचं वर्ष बुडवलं असं गावात कुणी म्हणायला नको."

संस्थेतून कुणी परत आल्याचं गावात ऐकिवात नव्हतं. वेलिका छताकडे बघत राहिली. पण विचार ती संस्थेचा करत नव्हती, पत्रकांचा करत होती.

माणूस गेलं की त्याचं पत्रक खांबावर, झाडावर, इमारतीच्या दारावर लागतं. काळी चौकट, मधे फोटो, खाली घरच्यांचे चार शब्द. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. पाव आणायला निघालेला माणूस थांबतो, वाचतो, मगच पुढे जातो. आणि ते कुणी काढत नाही. उन्हाने विटेल, वाऱ्याने फाटेल, पाऊस नेईल; माणसाचा हात लागत नाही. आजोबांचं पत्रक बेकरीच्या भिंतीवर दोन हिवाळे टिकलं होतं, आणि मालकाने भिंत रंगवली तीसुद्धा त्याच्या कडेकडेने.

"राली," ती म्हणाली, "मज... कूर... मी... सांगते."

तीन दिवस लागले. रोज दोन तास, त्यातच अंघोळ आणि सूप. तिसऱ्या वाक्याला रालित्साचा हात थांबला.

"वेलिकाताई, हे मी नाही नेऊ शकत. नोकरी जाईल माझी. माझ्या पदरात ही आहे."

"खरं... आहे... का?"

"आहे ना. मी बघतेच की रोज."

"मग... तू... नुसती... पोस्टमन."

"पोस्टमनलाही काढतात हो कामावरून!"

दोघी हसल्या. हसताना वेलिकाची बरगडी दुखली, आणि ती कळवळताना बघून रालित्साने डोळे पुसले, पेन्सिल पुन्हा टोकदार केली. शेवटी सही. वेलिकाने मुठीत पेन्सिल धरून ती स्वतः केली. अर्धा तास लागला, कोंबडीने उकरल्यासारखी दिसत होती, पण तिची होती.

छापणाऱ्याने कागद दोनदा वाचला म्हणे. "हे शोकपत्रक आहे की फिर्याद?"

"मुलीने आईला लिहिलंय," रालित्सा म्हणाली.

त्याने सही निरखली. "वेस्का शाळेत स्वयंपाक करायची, तिच्या हातचं सूप प्यायलोय मी. मुलांनी आईला लिहिलेलं आपण बदलत नाही बाई. स्वल्पविरामसुद्धा नाही." अक्षरं तेवढी त्याने आपणहून मोठी केली.

शनिवारी सकाळी पत्रकं लावूनच रालित्सा आली, कामापुरत्या दिलेल्या किल्लीने कुलूप उघडून. प्लामेन पाव आणि वाइन आणायला गेला होता. टेबलावर आईच्या नावाने वाटायचा, साखर पेरलेला उकडलेला गहू तयार होता. वेलिकाने खिडकी उघडायला सांगितली. खाली इमारतीच्या दाराशी लाल मिरच्या भाजणं चाललं होतं, धुराचा तो गोड वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. तळमजल्यावरच्या मिंकाआजीचा आवाजही.

"अगं बाई, वेस्काचं वर्ष झालं! काय लिहिलंय रे, गेंचो?"

"चष्मा वर राहिला. तूच वाच," गेंचोकाका म्हणाले. पूर्वी बस चालवायचे ते, आवाज अजून बसमधलाच.

मिंकाआजीने वाचायला घेतलं, देवळात वाचतात तशा चालीत.

"आई, तुला जाऊन वर्ष झालं. तू रोज विचारायचीस, वेला, दिवस कसा गेला? तर सांगते. माझी खुर्ची तळघरात आहे. दार... दार बाहेरून बंद असतं." चाल तुटली. आजी आता सावकाश वाचू लागली. "पाणी मला दोनदा मिळतं, अर्धा अर्धा पेला, उचलावं लागू नये म्हणून. बरगडीवर काळा डाग आहे. प्लामेन सांगतो, मी पडले. आई, पडायला मी आधी उभी तरी राहायला हवी ना? सोमवारी मला संस्थेत धाडणार आहेत. मी जाणार नाही. हे घर तू मला ठेवलंयस. तुझ्यासाठी ज्यांना दोन शब्द म्हणायचे असतील त्यांनी तिसऱ्या मजल्यावर, डावीकडे यावं. तुझी मुलगी, वेलिका."

खाली मिरच्या उलटायचा आवाज थांबला.

"मिरच्या जळतायत," गेंचोकाका म्हणाले.

"जळू देत मेल्या." आजी म्हणाली. "रोज बसते मी इथे. तिच्या खिडकीखाली. तो म्हणायचा, झोपलीय. आणि मी म्हणायचे, झोपू दे बापडी."

तेवढ्यात प्लामेनची चप्पल वाजली. वेलिकाने ती दुरून ओळखली. मग कागदावर नख ओढल्याचा आवाज.

"हात काढ," मिंकाआजी म्हणाली.

"माझी आई आहे ती!"

"म्हणूनच म्हणते, काढ."

"सगळं खोटं आहे! त्या वेडीला लिहिता तरी येतं का?"

"वेस्काने तिला पिठावर अक्षरं काढायला शिकवताना मी बघितलंय. तिने दोन महिन्यांत उचलली. तुझी शाळेतली दोन वर्षं गेली त्यातच, हेही बघितलंय." काठी फरशीवर आपटली. "फाड ना. फाड चारचौघांत आईचं तोंड. आणि मग उरलेल्या खांबांकडे चल. आम्ही येतो मागून, सगळ्यांना दाखवायला."

नखाचा आवाज थांबला. जिन्यात पावलं वाजू लागली, दोन दोन पायऱ्या एकदम.

रालित्सा बिल्यानाला छातीशी धरून दाराकडे धावली. "कडी लावते!"

"नको." वेलिका म्हणाली. "उघडं... ठेव. स... ताड."

रालित्साने तिच्याकडे पाहिलं, दार भिंतीपर्यंत लोटलं आणि त्याला टेकून स्वतः उभी राहिली.

प्लामेन आत आला तो लालबुंद. "कुणी शिकवलं तुला हे? हिने?" त्याने दार ओढून घ्यायला हात घातला. दार मिटेना. फटीत मिंकाआजीची काठी होती आणि काठीमागे धापा टाकणारी मिंकाआजी, तिच्यामागे गेंचोकाका, त्यांच्यामागे अख्खा जिना.

"वर्षाच्या दिवशी दार लावतोस?" आजी म्हणाली. "आम्ही गहू खायला आलोय. तळघराची किल्ली दे गेंचोला."

"आजी, तुम्हाला माहीत नाही, हिला सांभाळणं म्हणजे..."

"किल्ली."

त्याने दिली. एवढी माणसं बघत असताना त्याला दुसरं काही सुचलं नाही.

एकेक जण आत आला, चमचाभर गहू घेऊन "देव वेस्काला क्षमा करो" म्हणाला, आणि मग बिछान्यापाशी जाऊन उभा राहिला. मिंकाआजीने नळ सोडला, पेला काठोकाठ भरला आणि वेलिकाच्या ओठांना लावला. वेलिका सगळा प्यायली. निम्मं मानेवर सांडलं.

"आणखी," ती म्हणाली. हा एक शब्द सगळ्यांना लगेच कळला.

पोलीस कुणी बोलावला ते नंतरही कळलं नाही. तरणा होता, दाराशी टोपी सावरत त्याने वही काढली आणि प्लामेनकडे वळला. "काय म्हणणं आहे हिचं?"

"ती तिथे आहे, इकडे काय विचारतोस?" आजी कडाडली.

तो बिछान्याकडे वळला. "बाई, असं आहे, तक्रार लेखी लागते."

वेलिकाने सुरुवात केली. "ले..." मान वळली, हात उडाला, शब्द घशात अडकला. पोलिसाची नजर मनगटाकडे गेली. गेंचोकाकांनी पुढे होऊन आपला रुंद पंजा त्याच्या घड्याळावर ठेवला. तसाच ठेवला. झोळीतली बिल्याना नेहमीसारखी ओठांकडे टक लावून बघत होती, आणि आता तिच्याबरोबर सगळी खोली.

"लेखी... आहे."

"कुठे?"

"वीस... खां... बांवर."

बिल्याना खुदकन हसली. मग जिन्यातलं कुणीतरी, मग सगळेच. पोलीस खाली जाऊन वाचून आला. परत आला तेव्हा टोपी हातात होती. "तुम्ही चला माझ्याबरोबर, जबाब द्यायला," तो प्लामेनला म्हणाला. "दाराची किल्ली इथे ठेवा. तिच्याजवळ."

"आणि हिचं कोण करणार?" प्लामेन उंबऱ्यातून ओरडला. "तुम्ही? बघतोच मी, किती दिवस करता!"

प्रश्न खरा होता. खोलीतल्या काही माणसांनी माना खाली घातल्या.

"ते तिला विचारून ठरवू," मिंकाआजी म्हणाली. "तुला नाही."

खुर्चीच्या चाकांत हवा नव्हती आणि बैठकीवर कोळ्याचं जाळं होतं. गेंचोकाकांनी पंप मारला, रालित्साने ती पुसली, आणि चौघांनी मिळून वेलिकाला तीन मजले खाली आणलं, कठड्याला धडकत धडकत. आईच्या कबरीकडे जायचं होतं. पण दारातल्या खांबापाशी तिने "थांबा" म्हटलं, आणि ते थांबले.

तिने आपलं पत्रक आत्ता पहिल्यांदा पाहिलं. आई फोटोत हसत होती. खालचा एक कोपरा नखाने उचकटला गेला होता आणि वाऱ्यावर फडफडत होता. रालित्सा तो चिकटवायला पुढे झाली.

"मी," वेलिका म्हणाली.

हात पहिल्यांदा हवेत गेला, मग खांबाच्या लोखंडावर आपटला. तिसऱ्या खेपेला मूठ बरोबर कोपऱ्यावर बसली. तिने ती तशीच दाबून धरली, डिंक धरेपर्यंत. सगळे थांबले होते. आभाळ निरभ्र होतं, पावसाला अजून बराच अवकाश होता.