उठून गेलेल्याला सांगायचं नाही

माझा भाऊ सबातीनो दर वसंतात एकदा ओहायोहून ब्राँक्सला यायचा. सकाळी आमच्या इटालियन वस्तीतल्या आर्थर अॅव्हेन्यूवर खाणं, दुपारी बेसबॉलचा सामना, मग परत. बायको गेल्यावर तो लेकीकडे, लोरेटाकडे राहायला गेला, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. पण त्या हिवाळ्यात तो फोनवर म्हणाला होता, "नुन्झिया, तुझी मागची खोली रिकामीच आहे ना? यंदा आलो की परत जायचं नावच काढत नाही."

मी खोलीला रंग दिला. आईने विणलेली चादर उन्हात टाकून पलंगावर घातली. आमच्या घरातले आता आम्ही दोघंच उरलो होतो.

तो लोरेटाच्या गाडीतून उतरला तेव्हा हातात एक लहानशी पिशवी होती. सामान मागून येईल, असं मी मनाशी म्हटलं.

"आत्या, बाबांना खारट देऊ नकोस," लोरेटा म्हणाली. "मी मैत्रिणीकडे जाऊन येते, मग मैदानापाशीच भेटते."

गाडी वळताच तो म्हणाला, "ओहायोत मीठ नसलं तरी कळत नाही. तिथल्या पावाला चवच नाही."

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार होता, मांस चालणार नव्हतं. आम्ही ढोबळी मिरची आणि अंडं भरलेला पाव घेतला. "मीठ घाल जरा," त्याने दुकानदाराला सांगितलं, "पहारा गेलाय."

मग अल्फियोच्या चीजच्या दुकानात गेलो. दर वर्षी सबातीनो तिथून हातभर लांबीचा तुकडा ओहायोला न्यायचा. अल्फियोने सुरी उचलली. "ओहायोचा तुकडा ना?"

"नको. आज चवीपुरता दे. इथेच खातो."

माझा जीव सुपाएवढा झाला. चीज न्यायचं नाही, म्हणजे जायचं नाही. मी शेजारच्या बेकरीतून मोठा पाव घेतला, दोघांना दोन दिवस पुरेल असा.

मैदानापाशी पोचलो तेव्हा वेळ होता. नवं स्टेडियम रस्त्यापलीकडे आहे; जुनं पाडून तिथे आता बाग केली आहे, पोरं खेळतात. दर वर्षी तो त्या गवतात उभा राहून आमच्या पप्पांची जागा शोधायचा.

"पप्पा इथे बसायचे."

"इथे नाही. इथे बियरवाला उभा असायचा."

"मग इथेच बसायचे."

पप्पा गवंडी होते. त्यांचा एकच कायदा होता: शेवटचा गडी बाद झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठून गेलेल्याला निकाल सांगायचा नाही. रोक्कोमामा एकदा मामीला कळा सुरू झाल्या म्हणून सातव्या डावात उठले. मुलगी झाल्याचं त्यांना सगळ्यांनी सांगितलं, निकाल कुणी सांगितला नाही. पेपरात वाचूनही बिचारे वर्षभर विचारत राहिले.

नव्या स्टेडियममध्ये सामन्याच्या नऊ डावांतला आठवा सुरू होता. तीन-तीन बरोबरी. सबातीनोचा फोन वाजला. त्याने टोपी नीट केली.

"लोरेटा फाटकाशी आलीय."

"थांबू दे तिला. एकच डाव उरलाय."

"मी निघतो, नुन्झिया. रस्ता लांबचा आहे आणि सकाळी मला यंत्रावर झोपायचंय. मूत्रपिंडं गेली माझी. आठवड्यातून तीनदा रक्त गाळतात."

"यंत्रं काय ओहायोतच असतात?"

"इथेही आहेत. पण मला नेणार-आणणार कोण? तुला स्वतःचे तीन जिने चढवत नाहीत."

"खोलीला रंग दिलाय मी," म्हटलं.

"कुठला?"

"पिवळा."

"पिवळा चांगला," तो म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून उठला आणि एकेका खुर्चीची पाठ धरत पायऱ्या चढून गेला. मी वळून पाहिलं नाही. पाव मांडीवर घेऊन शेवटच्या गड्यापर्यंत बसून राहिले.

मी घरी पोचते तोच फोन आला. मागे गाडीचा आवाज येत होता.

"काय झालं शेवटी?"

"उठून गेलेल्याला सांगत नाहीत."

तो हसला. "लोरेटाला रेडिओ लावू दिला नाही मी. तुझ्याच तोंडून ऐकायचंय."

"मग ये. इथे येऊन ऐक."

"बरं," तो म्हणाला.

पुढे दर फोनला तो विचारायचा आणि मी तेच उत्तर द्यायचे. मला वाटायचं, एवढ्या एका धाग्याने तरी तो ओढला जाईल.

ऑगस्टमध्ये मीच ओहायोला गेले. त्याला निळा सूट घातला होता, त्याला कधीच न आवडलेला. लोक बाजूला झाल्यावर मी शवपेटीवर वाकले.

"चार-तीन," म्हटलं. "हरलो आपण."

"काय म्हणालीस, आत्या?" मागून लोरेटाने विचारलं.

"काही नाही गं," मी म्हटलं.