ओढणीची नाणी आणि तीन मासे

रुपीबाई यवतमाळच्या दवाखान्यात वारली ही खबर वणीला पोचली, तेव्हा तिचा नवरा उत्तमसिंग राठोड घरी माशांना सुकट चारत होता. आदल्या दिवशी तिनंच त्याला दवाखान्यातल्या खाटेवरून घरी धाडलं होतं. "मी कुठं पळून नाही जात. मासे उपाशी हायेत, त्यायले पाहून या," म्हणाली होती. सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरनं दारात उभं राहून निरोप सांगितला आणि उत्तमसिंगच्या चिमटीतली सुकट सगळीच पाण्यात पडली. मासे मात्र वेळेवर जेवले.

मासे खाऱ्या पाण्याचे होते. वणीच्या जमिनीतून कोळसा निघतो, समुद्र निघत नाही. पण रुपीबाईचा भाऊ डोंगरसिंग रत्नागिरीच्या बंदरात नोकरीला होता. बहिणीच्या हट्टापायी त्यानं खाडीतले बोटभर तीन मासे दुधाच्या बरणीतून आणून दिले. तिनं बॅटरीचं मोडीत निघालेलं काचेचं भांडं मिळवलं, आठवडाभर धुतलं आणि त्यात खडेमीठ कालवलं. पाणी बरोबर झालं की नाही ते ती जिभेनं ठरवायची. बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी येऊन पाहिलं. आपल्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ देशोदेशी नेलं, पण ते पाण्यात ओतून टाकायची अक्कल मात्र कोणाला सुचली नव्हती, असं म्हणून ते चहा पिऊन गेले.

माशांना उघडंबोडकं वाटू नये म्हणून रुपीबाईनं झाडं केली. फुटकी हिरवी बादली कापायची, तुकडे चिमणीच्या आचेवर धरून वाकवायचे. झाडं झकास झाली. फक्त ती बुडाशी न राहता वर तरंगायची. उत्तमसिंग जिनिंग कारखान्यात फिटर. धडधडणारी यंत्रं जमिनीला आवळून बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बायकोनं चार बोटांची झाडं बसवून मागितली तेव्हा हा कारागीर चार महिने "उद्या" म्हणत राहिला.

तेरवी झाली, पाहुणे गेले. एका सकाळी तरंगतं झाड आडवं होऊन एक मासा काचेशी अडकलेला दिसला. उत्तमसिंगनं तो सोडवला. अंगावरचे खवले खरवडले होते. बायकोनं मरताना आपल्याला जवळ ठेवून घेतलं नाही, या माशांकडे धाडलं. आता हेही गेले तर आपण तिथून उठून आलो कशाला, याला उत्तर उरणार नव्हतं. म्हणून त्याचा "उद्या" एकदाचा उजाडला.

झाडांच्या बुडाला डिंक लावला, तो विरघळला. लोखंडी नट बांधले, दोन दिवसांत पाणी चहासारखं झालं. शेजारची वच्छलाबाई म्हणाली, "भाऊ, नदीत सोडून द्या. आपल्या गावाले जातीन." वणीची नदी रत्नागिरीला जात नाही, हे तिला सांगायला तो थांबला नाही.

मग जो शोध लागला तो त्याचा स्वतःचा. तांड्यातल्या बायका ओढणीच्या कडेला नाणी टाचतात, वाऱ्यानं डोक्यावरून उडू नये म्हणून. जे वाऱ्यात ओढणी धरतं ते पाण्यात झाड का नाही धरणार? त्यानं पेटीतून रुपीबाईची सणाची ओढणी काढली, तांब्याची जुनी नाणी उसवली आणि झाडांच्या बुडाला बांधली. झाडं ताठ उभी राहिली. तो दोन दिवस स्वतःवर खूश होता. तिसऱ्या दिवशी दोन मासे उलटे तरंगत होते.

शाळेतल्या श्रावण मास्तरांनी भांड्यात डोकावून पाहिलं.

"उत्तमसिंग, बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात कढी ठेवता काय?"

"नाही."

"काहून?"

"कळकते."

"मंग हे मासे काय कढीहून गेलेले होते?"

उत्तमसिंगनं नाणी काढली, पाणी फेकलं, नवं कालवलं. तिच्यासारखी जिभेनं चव घेतली. पहिल्यांदा ते आमटीसारखं लागलं, म्हणून आणखी मीठ टाकलं. उरलेला मासा नव्या पाण्यात बुडाशी जाऊन बसला आणि दुपारनंतर हलला.

मग कारखान्यातल्या फिटरला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते त्यानं केलं. चुनखडीची एक पातळ फरशी आणली, हातड्रिलनं तिला भोकं पाडली. झाडाचा दांडा भोकातून खाली काढायचा आणि तापल्या सळईनं खालचं टोक चेपायचं. पत्र्याला पत्रा जोडताना रिपीट ठोकतात तसंच, फक्त ठोकायचं नाही. अर्ध्या दिवसाचं काम. दोन माशांचा जीव आणि एक ओढणी घालवून ते त्याला जमलं. फरशी भांड्यात उतरवली. झाडं हलली नाहीत. मासा त्यांच्यामधून फिरून आला.

झाडं ठेवायच्या डब्यात आणखी एक तुकडा निघाला. तो रुपीबाईनं अर्धाच वाकवला होता. झाड, दगड की दुसरंच काही, ते कळत नाही. खालचं टोक कोणतं तेही कळत नाही. त्याच्यासाठी फरशीत भोक पाडून ठेवलं आहे. तुकडा अजून बसवलेला नाही.