मशीनमधलं भस्म

"पावणं, चपला भाईर!" नागाप्पाअण्णा आतून ओरडले. "आन् या बिगीबिगी. मशीन सकाळधरनं नुसतं बोंबलतंय."

"अण्णा, मी प्रसेनजीत. पावणा कुठला?"

"आरं, तू व्हय? मग ये की!"

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. पण मंगळवार पेठेतल्या अण्णांच्या या राहत्या खोलीत चपला घालून मलाही प्रवेश नव्हता आणि त्यांच्या छापखान्याच्या मालकालाही नव्हता. खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यावर अण्णांच्या बायकोचा, शांताकाकूंचा, हार घातलेला फोटो, आणि भिंतभर अण्णांनी जुळवलेल्या लग्नपत्रिका.

अण्णा मूळचे गडहिंग्लजचे. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांची उमर गेली. अठ्ठ्याण्णव साली मालकाने खिळे भंगारात घातले आणि सांगितलं, कॉम्प्युटर शिका, नाहीतर घरी बसा. पन्नाशीचा हा माणूस मग एका बोटाने टाइप करायला शिकला. सुरुवातीला माउसला हात लावण्याआधी ते हात पायजम्याला पुसायचे. पुढे घरीच मशीन आलं, निम्म्या पेठेच्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्याच हातून निघाल्या, आणि एवढं होऊनही ते मशीनला वचकून असायचे ते असायचेच.

मी बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि आतून एकसारखं टूं... टूं... सुरू झालं.

"विद्याश्रीची पत्रिका हाय आत," अण्णा म्हणाले. "सांजपातूर छापून याला पायजे. उद्या सोमवार. पयली पत्रिका मठात ठेवायची, मग पावण्यास्नी वाटायची."

"एवढी घाई हाय, तर दुसरीकडनं करून घ्या की. तासाभराचं काम."

बोलून गेलो आणि अण्णांचं तोंड बघून जीभ चावली.

"दुसरीकडनं? गावाच्या पोरींच्या पत्रिका मी केल्या, आन् माझ्या पोरीची दुसऱ्यानं करायची? साड्यांतलं मला कळत न्हाय. दागिनं तिच्या मामानं बघितलं. आई आसती तर तिनं सगळं केलं आसतं. माझ्या हातचं म्हणून एवढीच एक पत्रिका हाय रं."

विद्याश्री चहा घेऊन आली. लग्न ठरलेली मुलगी, पण बापाला, तिच्या अप्पांना, दटावण्यात काकूंच्या वरचढ. "महिना झालं, अप्पा रोज पत्रिकेतलं एकच फूल हलवत्यात," ती मला म्हणाली. "सकाळी डावीकडं, सांजच्याला उजवीकडं. मशीन कटाळलं आसंल."

मी हसत कॅबिनेट उघडलं आणि बघतच राहिलो. आत सगळीकडे पांढरी पूड साचली होती. पंख्यावर, तारांवर, मेमरीच्या खाचेत.

"अण्णा, चुना कुणी वतला ह्यात?"

विद्याश्रीने वाकून पाहिलं. "चुना न्हवं," ती हळूच म्हणाली. "भस्म हाय ते."

मग तिनेच सांगितलं. मशीन घरी आलं त्या दिवशी अण्णा त्याला हात लावायलाच धजेनात. काकूंनी पूजा आटोपून अण्णांच्या कपाळावर तीन बोटं भस्म ओढलं, आणि तीच बोटं मशीनवर ओढली. "आता हे घरातलं झालं," त्या म्हणाल्या, "घरातल्याला कोण भितंय व्हय?" तेव्हापासून रोज सकाळी दोन कपाळं, एक अण्णांचं आणि एक मशीनचं. काकू गेल्यावरही अण्णांनी ते चालू ठेवलं. सुकलेलं भस्म गळायचं आणि पंखा ते आत ओढून घ्यायचा.

भस्माने कॉम्प्युटर आजारी पडलेला मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. एरवी हसून हसून पोट दुखलं असतं. त्या दिवशी हसू आलं नाही.

"सरा बाजूला, अण्णा," मी पिशवीतून ब्लोअर काढला. "फुकून टाकतो सगळं."

अण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांब. ह्यातलं सगळ्यात खालचं कुठलं आसंल?"

"म्हंजे?"

"खालचं ते आदीचं. ते तिच्या हातचं आसणार की."

मी ब्लोअर पिशवीत परत ठेवला. ब्रश घेतला आणि अगदी हळू झाडायला लागलो. अण्णांनी पत्रिकेचा कोरा कागद खाली धरला होता. कागदावर चमचाभर पूड जमली, धूळ आणि धाग्यांसकट. अण्णांनी कागदाची पुडी करून टेबलावर ठेवली. मग मी मेमरीची पट्टी काढली, विद्याश्रीकडून खोडरबर मागून पट्टीची कड घासली आणि ती परत बसवली. बटण दाबलं. एकदाच टूं झालं आणि पडदा उजळला.

पत्रिका उघडली. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी फूल किंचित डावीकडे सरकवलं.

"अप्पा!" विद्याश्री ओरडली.

"झालं, झालं. आता न्हाय हलवत."

मी पत्रिका फ्लॉपीवर घेऊन त्यांच्या हातात दिली आणि मन घट्ट करून म्हणालो, "अण्णा, ह्याच्या फुडं मशीनला भस्म लावायचं न्हाय. परत बंद पडंल."

"व्हय," अण्णा म्हणाले. "न्हाय लावत." मग फ्लॉपी उलटसुलट करत म्हणाले, "सकाळी हात जाणार रं पण."

मी कॅबिनेटचे स्क्रू आवळायला लागलो.

फ्लॉपी खिशात घालून ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. टेबलावरचा कागद उघडून त्यांनी तीन बोटं बुडवली आणि स्वतःच्या कपाळावर ओढली. भस्माबरोबर धुळीचा एक धागाही कपाळाला चिकटला.

विद्याश्री पुढे झाली. तिने चिमटीत धरून तेवढा धागा काढला. भस्माला बोट लागू दिलं नाही.

"जावा आता, अप्पा," ती म्हणाली. "छापखाना बंद हुईल."