गारखेड्याची बिनरक्ताची गाठ

गारखेडं तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला आठेक वर्षं झाली होती. दर गुरुवारी तिथल्या लिंबाखाली दोन-तीनशे माणसं जमायची. बैलगाड्या, टांगे आणि गळ्याला फडकी गुंडाळलेली पोरं. गाठीमहाराज म्हणून एक बाबा पोरांच्या घशातले टॉन्सिल नुसत्या बोटानं काढायचे. सुरी नाही, भूल नाही आणि रक्ताचा थेंबही नाही.

माझी धाकटी बहीण कालिंदी सात वर्षांची होती. महिन्याआड तिचा घसा सुजायचा, ताप चढायचा. दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण कापायचं म्हटल्यावर आईचा धीर सुटला. वडिलांना न सांगता ती आम्हा दोघींना टांग्यात घालून सकाळीच गारखेड्याला घेऊन गेली. मी सोळा वर्षांची होते, मॅट्रिकला. मला तरी शंका यायला हवी होती.

"दागदर काय करतो? कापतो," महाराज सांगत होते. "कापलं की रगत. आमची देवीमाय रगताला म्हणती, थांब रं बाबा. अन् ते थांबतं. इंग्रजाला जमलं नाय, निजामाला जमलं नाय."

"व्हय महाराज," आमच्या पुढं उभी असलेली आवडाबाई म्हणाली. "माझ्या नातवाच्या काढल्या की. लई गुणाचं बोट."

महाराजांनी कालिंदीची मान मागं टाकली आणि बोट घशात घातलं. बोटाचं नख चांगलं वाढवलेलं होतं. ती ओकारीनं वाकली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि महाराजांच्या तळहातावर शेंगदाण्याएवढी पांढुरकी गाठ दिसली. लोकांनी हात जोडले. तांबड्या फडक्यात बांधून ती गाठ आईला मिळाली, देव्हाऱ्यात ठेवायला.

"आता दिवस मावळंपर्यंत तोंड उघडायचं नाय. बोलायचं नाय, थुंकायचं नाय. उघडलं तर गाठ माघारी येती."

कालिंदी सांगितलेलं ऐकणारी पोर. घरी येऊन भिंतीला टेकून बसली, ओठ गच्च मिटून. सारखी आवंढा गिळत होती. एकदा तिनं माझा हात ओढला. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी म्हणाले, "गप्प बस. थोडाच वेळ राहिलाय."

हे माझं वाक्य मला अजून ऐकू येतं.

दुपारी वैजनाथमामा आला. आईचा चुलतभाऊ, जनावरांचा डॉक्टर. आईनं कौतुकानं फडकं सोडून दाखवलं. मामानं गाठ उजेडात धरली.

"अक्का, ही बोकडाची आहे."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मी जनावरांचे घसे बघूनच पोट भरतो. ही कड बघ, सुरीनं कापलेली. आणि इतकी पांढरी का? खाटकानं मान कापली तेव्हाच सगळं रक्त वाहून गेलं. माणसाच्या टॉन्सिलला चार-पाच धमन्या रक्त देतात. मोठी फांदी चेहऱ्याच्या धमनीची, ती खालून शिरते. शिवाय जिभेकडून, टाळूकडून, घशाच्या भिंतीतून. जनावरांत जरा वेगळं, कुत्र्यात मुख्य फांदी जिभेच्या धमनीची असते. वाटा निराळ्या, पण रक्त सगळ्यांनाच गळ्यातून येतं. जिवंत घशातली गाठ अशी धुतल्यासारखी निघत नाही. रक्त नाही, हाच तर पुरावा."

बोलता बोलता त्याचं लक्ष कालिंदीकडं गेलं.

"शैला, ही कधीपासून गिळतेय?"

"सकाळपासून," मी म्हणाले.

तो तिच्यापुढं बसला. "तोंड उघड, बाळ."

आई मध्ये आली. "दिवस मावळू दे रे, वैजनाथ. गाठ परत येईल."

"अक्का, गाठ गेलेलीच नाही."

कालिंदीनं मान हलवली, नाही म्हणून. तेवढ्यात तिला उमासा आला, आणि फरशीवर वाटीभर काळपट रक्त पडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नखानं फाटलेली जागा दाबून धरली, मग रक्तवाहिनी बांधली. दोन्ही टॉन्सिल जागच्या जागी होते. ओकारी यावी म्हणून महाराज नखानं ओरखडत, आणि त्या गडबडीत मुठीतली गाठ तळहातावर येई. रक्त आलंच तर ते मिटलेल्या तोंडात राही आणि पोर ते गिळत बसे. कालिंदी वाचली.

पुढच्या गुरुवारी मामा बॅटरी आणि एक चमचा घेऊन गारखेड्याला गेला. मीही गेले.

"ज्यांच्या गाठी काढल्या, त्या पोरांनी उन्हाकडं तोंड करून आ करा," तो म्हणाला.

आवडाबाईनं चमचा हिसकावून घेतला आणि नातवाची जीभ स्वतःच दाबली. "दोनी हायेत की गं बाई," ती पुटपुटली.

"माघारी आल्या," महाराज म्हणाले. "तोंड लवकर उघडलं आसंल."

"मग तुमची मूठ उघडा."

महाराजांनी उघडली नाही. आवडाबाईनं उघडली. आत एक गाठ होती, आणि कमरेच्या पिशवीत आणखी सहा.

लोक चिडून पुढं सरकले, तोच गंगापूरचा कडूबा म्हणून एक शेतकरी बोलला. आवाज चढवलाच नाही त्यानं.

"इथनं नेल्यावर माझी पोरगी दिवसभर गिळत व्हती. आमाला वाटलं, तहान लागली. दिवस मावळायच्या आत गेली. तोंड नाय उघडलं तिनं. सांगितलं व्हतं ना."

नंतर पोलीस आले, महाराजांना घेऊन गेले. दोघी पोरींनी महाराजांचं सारखंच ऐकलं होतं. आमच्या घरी मामा आला, कडूबाच्या घरी कुणी आलं नाही. एवढाच फरक.

म्हणून सांगते. कुणी चमत्कार दाखवून वर म्हणालं, इथं बघू नका, तर आधी तिथंच बघा. लेकराला आ करायला सांगा आणि उजेडात नीट बघा. आणि ते हात ओढून काही सांगू लागलं, तर त्याला गप्प बसवू नका.