शोकपटावरच्या दोन ओळी

फ्रोमोंने शोकपटाचे एक टोक टेबलावर दाबून धरले आणि निरोप्याला दुसरे टोक ओढायला सांगितले. मठाध्यक्षा माबिल यांच्या निधनाची वार्ता घेऊन निघालेला हा चर्मपत्राचा लांबलचक पट चाळीस मठ फिरून आला होता. प्रत्येक मठाने त्यावर लॅटिन श्लोक लिहिले होते आणि श्लोकांखाली, इतरांनी प्रार्थना करावी म्हणून, आपापल्या मृतांची नावे.

“सगळ्यांत चांगलं कुणी लिहिलंय?” फ्रोमोंने विचारले.

निरोप्या तिबो पाव चघळत होता. “मला वाचता कुठं येतंय, गुरुजी? पण जिथं ओळी जास्त, तिथं जेवण कमी, एवढं ध्यानात आलंय.”

इथल्या धर्मसभेचा प्रमुख, डीन आन्सोल्द, हसला नाही. नदीपलीकडच्या मठाच्या अठरा ओळी तो बोटाने मोजत होता.

“आपल्या वीस हव्यात, गुरुजी. तूर शहरात बिशप स्वतः हा पट उलगडतील. तुमचं नाव शोधतील.”

“वीसच आहेत.” फ्रोमोंने मेणपाटी पुढे सरकवली.

आन्सोल्द वाचू लागला. त्याचे ओठ हलत होते. फ्रोमोंच्या पाठशाळेत शिकताना हलत तसेच. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेला.

“असं तुम्ही आजवर लिहिलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग उतरवा. खाली नावं मी लिहितो. आपले यंदा पाच गेले.”

“सहा,” फ्रोमों म्हणाला. “रिशिल्द.”

आन्सोल्दने पाटी खाली ठेवली. धर्मसेवकांनी आपापल्या बायकांना घराबाहेर काढावे, हा बिशपचा आदेश आठ वर्षांपूर्वी त्यानेच वाचून दाखवला होता. रिशिल्द फ्रोमोंच्या घरातून एक गाठोडे घेऊन निघाली होती. लुआर नदीच्या काठी लोकांचे कपडे धुऊन ती जगली आणि या उपासकाळात गेली. तिचे नाव कुठल्याच वहीत चढले नाही.

“ती आपल्या सभेची नव्हती, गुरुजी.”

“चार हिवाळे तिच्या चुलीपाशी जेवलास.”

“जेवलो. नाही कुठं म्हणतोय?” आन्सोल्दचा आवाज खाली आला. “पण बिशपनी ते नाव वाचलं, तर तुमची पाठशाळा जाईल आणि माझी डीनकीही.”

“अजून साठ मठांत जाईल हा पट. साठ ठिकाणी कुणीतरी तिच्यासाठी हात जोडेल. मला आणखी काही नको.”

तिबोने दाराबाहेर डोकावून ऊन पाहिले आणि पुन्हा बसला.

आन्सोल्द पटाच्या कडेने चालत गेला. मध्यावर एका छोट्या नोंदीपाशी तो थांबला.

“हे वाचलंत?”

“त्यात काय वाचायचं? सगळे लिहितात त्याच दोन ओळी.”

“आणि खालची नावं?”

“नाही.”

“मीही नाही वाचली. बिशपही वाचायचे नाहीत. मठातला लेखनिक तेवढी मुकाट्यानं उतरवून घेतो आणि प्रार्थनेत वाचतो.” पटावर ठेवलेला दगड त्याने उगाच इकडचा तिकडे केला. “ओळी चांगल्या असल्या की माणूस पार खालपर्यंत येतो, गुरुजी. तोच घोळ आहे.”

फ्रोमोंने मेणपाटी जवळ ओढली. मग त्याने लेखणी उलटी धरली आणि तिच्या चपट्या टोकाने मेण सारखे करू लागला, शेवटच्या ओळीपासून. सातव्या ओळीवर हात थांबला. त्याने ती ओठांतल्या ओठांत एकदा म्हटली आणि पुसली.

नंतर पिसाची लेखणी घेऊन त्याने चर्मपत्रावर लिहिले : माबिल यांच्या आत्म्यास शांती लाभो. तुमच्या मृतांसाठी आम्ही प्रार्थना करू, आमच्या मृतांसाठी तुम्ही करा. खाली स्वतःचे नाव घातले नाही. लेखणी त्याने आन्सोल्दच्या हातात दिली.

आन्सोल्दने पाच नावे लिहिली. लेखणी पुन्हा दौतीत बुडवली आणि लिहीत राहिला.

तिबो वाकून पाहत होता. “एवढंच? वाटेत जो तो म्हणत होता, फ्रोमोंकडं चाललायस, नशीबवान आहेस. आता पुढं विचारतील, त्यांना काय सांगू?”

“सांग, म्हातारा आटला.”

आन्सोल्द मान वर न करता शाईवर फुंकर घालत राहिला.