बेचाळीस शब्दांचं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं, बिनकामाचं फ्लॅशकार्ट आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढा माझा जीव. हातात धरायच्या गेमयंत्रात एरवी कंपनीचेच खेळ चालतात. माझ्या पोटात मात्र बारीकसं मेमरी कार्ड बसतं आणि त्यावर कुणीही लिहिलेला प्रोग्राम त्या यंत्रात चालतो. खोटं कशाला बोलू, माझी बहुतेक भावंडं खपली ती चोरीचे खेळ फुकटात खेळायला. पण घरी बसून स्वतःचे खेळ लिहिणाऱ्या हौशी मंडळींनाही आमच्यावाचून दुसरी वाट नव्हती.

मला विकत घेतलं ते चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका ताईने. तिचे बाबा न्हावी. दाढी करताना स्वतःच अखंड बोलून गिऱ्हाइकाला तोंड उघडू न देणारे. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला. त्या काळी फोनला नुसती बटणं असायची. बोटाने दाबायचा स्वस्त पडदा होता तो या गेमयंत्राला. बाबांच्या वतीने बोलेल असा प्रोग्राम लिहायला हौशी मंडळींच्या संकेतस्थळावर ताईने मदत मागितली, तेव्हा 'घुबड' या नावाने लिहिणाऱ्या एका अनोळखी माणसाने तिला महिनाभर प्रोग्राम लिहायला शिकवलं.

बाबांनी पडद्यावरचं चित्र दाबलं की ताईचा आवाज यायचा. पाणी. दुखतंय. खिडकी उघड. एकेचाळीस शब्द झाले.

"बाबा, अजून काय घालू?" तिने विचारलं.

बातम्या बघत भाषण झोडणाऱ्या जावयाकडे त्यांनी डाव्या हाताने बोट केलं. ताईने "पुरे आता, गप्प बसा" भरलं. त्या संध्याकाळी बाबांनी ते अकरा वेळा दाबलं. जावईसुद्धा हसून हसून बेजार झाला.

चार वर्षं असं चाललं. मग माझे धातूचे दात झिजले. ताईने ते पुसले, घासले, पण यंत्र मला ओळखेना. दुसरं फ्लॅशकार्ट आणायला ती गेली, तर चोरीच्या खेळांपायी आमच्या विक्रीवरच बंदी आलेली. प्रोग्राम तिच्या संगणकात धडधाकट होता; बाबांच्या हातात द्यायला काही नव्हतं. माऊस त्यांना जमेना, आणि बोटाने दाबायचे नवे फोन ताईच्या आवाक्याबाहेरचे.

घुबडाने लिहिलं, "माझ्याकडे एकच आहे. पाठवतो. माझे खेळ थांबले तरी चालतील."

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. कडेने कापलेलं. आत छापील कागद होता: बंदी असलेली वस्तू जप्त. ताईने कळवलं. "मग आता आपण दोघंही थांबलो," एवढंच त्याचं उत्तर आलं. पुढे ते संकेतस्थळही बंद पडलं.

मित्रांनो, माझी कीव करू नका. पण कुणाचं बोलणं ज्या वस्तूवर टांगलेलं असेल, तिची जोडी वेळेवर घेऊन ठेवा. मिळेनाशी झाल्यावर कुणाचे पाय धरणार?

काल बाबा काळ्या पडद्यावर बोट दाबत होते, पुन्हा पुन्हा, एकाच जागी.

"पाणी?" ताईने भांडं पुढे केलं. त्यांनी ओठ मिटून घेतले. "दुखतंय? खिडकी उघडू?"

ती जमिनीवर बसली आणि एकेक शब्द म्हणत गेली. बेचाळिसावाही म्हणून झाला. बाबांनी एकदाही होकाराची मान हलवली नाही; त्यांना हवा होता तो शब्द माझ्या बेचाळिसांत नव्हताच.