टेस्की कोचांचे रविवार

मित्रांनो, मी बोलायला लागलो की आधी थोडी घरघर होते, तेवढी सोसून घ्या. मी एक थकलेला प्रोजेक्टर आहे. नेब्रास्कातल्या एका लहानशा कॉलेजच्या व्यायामशाळेखाली, फुटक्या हेल्मेटांच्या ढिगाशेजारी माझा मुक्काम असतो. जन्म शिकागोच्या कारखान्यातला. तिथे मला वाटले होते, आपल्या वाट्याला गाणी येतील, समुद्र येतील, निदान एखादे हत्तीचे पिल्लू तरी येईल. आले काय, तर चिखलात एकमेकांवर आदळणारी बावीस माणसे. तोच चिखल, कधी पुढे, कधी मागे, अकरा वर्षे.

माझे धनी व्हर्न टेस्की, कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच. आमच्याकडचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन आणि डोक्यावर हेल्मेट चढवून खेळतात. कॉलेजात येण्याआधी टेस्की कोच नऊ हंगाम व्यावसायिक संघात होते. चेंडू त्यांच्या हाती कधी आला नाही. समोरच्याला डोक्याने, खांद्याने अडवून धरायचे, एवढेच त्यांचे काम. नाक दोनदा मोडलेले, उजवा गुडघा वाकत नसे. एका मोठ्या सामन्याचा सगळा उत्तरार्ध त्यांच्या आठवणीतून पुसून गेला होता. हे ते हसत हसत सांगत आणि मुले कौतुकाने ऐकत.

दर रविवारी चर्च सुटून जेवणे झाली की संघ माझ्या खोलीत जमायचा. पडदे ओढायचे, माझे बटण कोचांच्या मुठीत जायचे आणि शनिवारचा सामना भिंतीवर सुरू व्हायचा. "पुन्हा," ते म्हणायचे, की मी मागे जायचो. "पुन्हा." एकेक चाल वीस-वीस वेळा. माझा दिवा इतका तापायचा की खोलीभर करपल्याचा वास सुटायचा. पहिली काही वर्षे आम्ही जिंकत होतो. तेव्हा कोच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा माझा सगळ्यात हुशार मदतनीस." खरा मदतनीस ऑरिन पेल कोपऱ्यातून म्हणायचा, "आणि उलटून बोलत नाही, ते वेगळंच."

मग लागोपाठ दोन हंगाम हरण्यात गेले. प्राचार्यांनी निरोप धाडला, शेवटचा सामना जिंकला नाही तर पुढच्या वर्षी दुसरा कोच बघू. टेस्की कोच तेव्हा एकावन्न वर्षांचे होते आणि त्यांना दुसरे काहीच येत नव्हते.

त्या शेवटच्या सामन्याआधीचा रविवार. माझ्यावर आदल्या दिवशी हरलेल्या सामन्याचे रीळ होते. रोलंड बकनर हा आमचा सर्वात दांडगा गडी. भिंतीवर तो चेंडू घेऊन धावला, दोघांवर डोक्याने आदळला, पडला, उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

सगळी खोली हसायला लागली.

"काय रे रोलंड, तिकडे जेवण बरं मिळतं का?"

"जाऊ दे रे, आपला हेर आहे तो."

कोचही हसले. आणखी हसू यावे म्हणून त्यांनी मला मागे नेले. चौथ्यांदा मात्र ते हसायचे थांबले. भिंतीवरच्या चित्राच्या कडेला एक टोपीवाला माणूस दिसत होता. कुणीतरी रोलंडला दंडाला धरून त्याच्याकडे आणले. त्याने रोलंडच्या हेल्मेटवर टपली मारली, त्याला वळवले आणि पाठीला हात लावून परत मैदानात ढकलले.

"ऑरिन, हा मी आहे?"

"तुम्हीच, कोच."

"काय म्हणालो मी त्याला?"

"काही झालं नाही, जा. नेहमीचंच."

कोच रोलंडकडे वळले. "यानंतर काय झालं, सांग बघू."

"यानंतर?" रोलंड भिंतीकडे बघत म्हणाला. "बसमध्ये बसलो, कोच."

"मधे अख्खा उत्तरार्ध खेळलास तू."

खोलीत फक्त माझी घरघर चालू होती, आणि मला तिची लाज वाटली.

"शनिवारी तू बाहेर बसणार," कोच म्हणाले.

"कोच, माझी कॉलेजातली शेवटची मॅच आहे."

"माझीही."

"तुम्ही नऊ वर्षं असंच खेळलात की."

"खेळलो. त्यातली बरीचशी कुठे गेली, मला माहीत नाही."

मुले निघून गेल्यावर ऑरिन कात्री घेऊन आला. येत्या शनिवारी भिडणाऱ्या दोन्ही संघांची माणसे सोमवारी सकाळी अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर भेटून, एकमेकांचा खेळ आधी बघता यावा म्हणून आपापली रिळे बदलत असत. आमचे रीळ आता त्यांच्या हाती जाणार होते. "तेवढा तुकडा काढून टाकतो, कोच. उगाच चार लोक बोलतील."

"राहू दे," कोच म्हणाले. "बघू दे त्यांना."

शनिवारी आम्ही हरलो. रोलंडने कोचांशी हातही मिळवला नाही. जाताना कोचांनी रुमालाने माझी काच पुसली, टोपी घातली आणि दार ओढून घेतले. त्यांच्यानंतर नवा कोच आला, पुढे नवी यंत्रेही आली, आणि मला खाली आणून ठेवले. त्याचे मला फारसे दुःख झाले नाही. दमलो होतो.

परवा जुने सामान बघायला म्हातारा ऑरिन खाली आला होता. बरोबर पांढऱ्या केसांचा, धिप्पाड रोलंड होता. ऑरिन म्हणाला, "कोच आता बायकोलाच विचारतात, बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?"

"वाईट झालं," रोलंड म्हणाला. "पण त्या शनिवारी त्यांनी मला खेळवायला हवं होतं. चौदा-सात हरलो. वारा उत्तरेचा होता. शेवटच्या चालीला रेषेपर्यंत तीन यार्ड हवे होते फक्त, मी डाव्या बाजूने सहज काढले असते."

मित्रांनो, पडलेला माणूस उठला की आपण टाळ्या वाजवतो आणि त्याला पुन्हा ढकलतो. तसे करू नका. आधी त्याला थांबवून काहीतरी विचारा आणि उत्तर नीट ऐका.

रोलंड अर्धा तास बोलत होता. त्याचा राग जसाच्या तसा होता, आणि त्या दिवसाची एकही चाल तो विसरला नव्हता. हे कुणीतरी टेस्की कोचांना जाऊन सांगा. त्यांना कळले नाही तरी सांगा.